अंगावर काढलेलं

आमच्या गॅलरीतून खालचा चौक दिसतो. सिग्नल लाल होतो, मागच्याला वेळेवर ब्रेक लागत नाही आणि अधूनमधून एखादी गाडी पुढच्या गाडीवर आदळते. प्लास्टिक तडकल्याचा आवाज येतो आणि पुढे जे घडतं ते जवळपास दर वेळी सारखंच असतं. दोन्हीकडची दारं उघडतात, माणसं उतरतात आणि थेट बंपरपाशी जातात. वाकून बघतात, पोचा आलेल्या जागेवरून हात फिरवतात, रंग उडाला असेल तिथे नखाने खरवडून पाहतात. मोबाइल निघतात, नंबरप्लेटसकट फोटो काढले जातात. बघे जमतात, चूक कोणाची यावर तट पडतात. मागच्या सीटवरचं माणूस, बहुधा म्हातारं नाहीतर लहान, या सगळ्या वेळात आतच बसलेलं असतं. कुणीतरी खिडकीतून डोकावून विचारतं, ‘लागलं नाही ना?’ आतून मान हलते आणि विचारणारा परत बंपरकडे वळतो.

मला हे दृश्य आता शांतपणे बघवत नाही. ती हललेली मान मला दिसत राहते. ती नीट हलली का, दोन्हीकडे सारखी वळली का, हलवताना डोळे बारीक झाले का, हे तिसऱ्या मजल्यावरून कळायचं नाही. तरी मी कठड्यापाशी उभी राहते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही माझ्या आत्याला साताऱ्याहून पुण्याला आणत होतो. चार दिवस आमच्याकडे राहायला. उसाचा हंगाम जोरात होता. त्या दिवसांत भुईंजच्या आसपास महामार्गावर ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागच्या ट्रॉल्या असतातच. वर रचलेल्या मोळ्या एका अंगाला झुकलेल्या, मागे दिवा असला तर असला. अशीच एक ट्रॉली आमच्या पुढे डावीकडे वळायला लागली. नवऱ्याने वेग कमी केला, आम्ही जवळजवळ थांबलोच, आणि मागून येणाऱ्या गाडीला थांबता आलं नाही.

धडक मोठी म्हणावी अशी नव्हती. आमचा मागचा बंपर आत गेला, डिकीचं झाकण वाकडं झालं, एक दिवा फुटला. आत्याचा चष्मा तिच्या पायाशी पडला. मी मागे वळले तेव्हा ती चष्मा शोधायला वाकत होती आणि पट्ट्यामुळे तिला वाकता येत नव्हतं. ‘अगं, काही नाही झालं,’ ती म्हणाली. ‘पेढ्यांचा खोका उलटा झालाय बघ, तेवढा सरळ कर.’

मागच्या गाडीतून एक मुलगा उतरला. विशी-बाविशीचा असेल. चेहरा पांढराफटक, एक हात छातीशी. तो आमच्याकडे आला, खिडकीत वाकला आणि ‘काकू, लागलं नाही ना?’ एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आत्याने काच खाली घेऊन त्याच्या हातावर हात ठेवला. ‘नाही रे बाळा. तू घाबरू नकोस. पाणी पी आधी.’ मी तिला म्हटलं, साताऱ्याला परत जाऊन दवाखान्यात दाखवूया. तिने नुसता हात हलवला. नवऱ्याने आणि त्या मुलाने नंबर घेतले, फोटो काढले, आणि आम्ही खंबाटकीच्या रस्त्याला लागलो. पुण्यात पोचेपर्यंत विमा कंपनीला फोन झाला होता, गॅरेजवाल्याने सकाळची वेळ दिली होती, सर्व्हेअर कधी येईल तेही ठरलं होतं. गाडीच्या दुखण्याची सगळी व्यवस्था त्या संध्याकाळीच लागली. आत्या ओट्यापाशी उभी राहून लसूण सोलत होती आणि मी पुन्हा विचारल्यावर पुन्हा तेच म्हणाली.

आत्याने आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. पहिलीची पोरं. मैदानात कुणी पडलं की ती त्याला उचलायची, गुडघा फुंकायची आणि सगळ्यांच्या आधी तीच सांगून टाकायची, ‘काही नाही झालं!’ पोराचं रडणं त्या वाक्यावर थांबायचं. घरातही तिने हेच केलं, आणि स्वतःच्या बाबतीत तर नेहमीच. ताप असताना पापड लाटले, पायात काटा असताना जेजुरीच्या पायऱ्या चढली. तिच्या पिढीच्या किती बायकांना मी असं पाहिलं आहे. दुखणं अंगावर काढायचं, आणि ते काढत असताना समोरच्याला धीर द्यायचा. त्या मुलाला पाणी पी म्हणणारी आत्या मला म्हणून अजिबात अनोळखी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला चहा दिला. तिने पहिले घोट घेतले आणि कप अर्ध्यावर आल्यावर खाली ठेवला. एरवी ती चहाचा थेंबही टाकत नाही. मी बघत राहिले. उरलेला चहा प्यायचा तर मान मागे न्यावी लागते, आणि ती नेता येत नव्हती. थोड्या वेळाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघताना ती कमरेपासून अख्खी वळली. डोकं खांद्यांवर बसवून टाकल्यागत जागचं हललं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘उशी उंच होती तुझी. मान अवघडलीय जरा.’

केस विंचरायला तिचे हात वर जाईनात म्हणून मी फणी घेतली. तिचे केस आता विरळ झालेत, पण लांबी अजून आहे. अंबाडा घालण्यासाठी मी पदर जरा बाजूला केला आणि तिथे पट्टा दिसला. डाव्या खांद्यापासून गळ्याच्या हाडावरून खाली तिरका गेलेला, बोटभर रुंदीचा, मधे जांभळा आणि कडांना लालसर. सीटबेल्ट जसा अंगावर बसतो तसाच, त्याच वाटेने. बेल्टने त्याचं काम केलं होतं, तिला पुढच्या सीटवर आपटू दिलं नव्हतं. ते काम कुठे झालं याची खूण कातडीवर उमटली होती. मी बोट टेकवलं तशी तिने श्वास आत ओढला. ‘रात्रीच दिसलं मला,’ ती म्हणाली. ‘म्हटलं, तुम्हाला कशाला घोर.’

मागून धक्का बसतो तेव्हा शरीरात काय घडतं ते मी नंतर समजून घेतलं. सीटची पाठ धडाला पुढे ढकलते. डोकं मात्र होतं तिथेच राहू पाहतं. साडेचार-पाच किलो वजन असतं त्याचं. या ओढाताणीत मानेचा खालचा भाग मागे वाकतो, वरचा पुढे, आणि मणक्यांच्या माळेला क्षणभर दुहेरी बाक येतो. मग डोकं झटक्याने पुढे येतं. पापणी लवायच्या आत हे सगळं होऊन जातं. स्नायूंना सावरून घट्ट व्हायला तेवढा अवधीच मिळत नाही. सीटच्या माथ्यावर असते ती उशी डोकं टेकून डुलकी काढायला दिलेली नाही, डोकं मागे जाऊ नये म्हणून दिलेली आहे. अमेरिकेत पुढच्या सीटांना ती 1969 पासून सक्तीची झाली. ती डोक्याच्या उंचीला आणि डोक्याच्या जवळ असेल तरच तिचा उपयोग. बहुतेक गाड्यांच्या मागच्या सीटवर ती पार खाली दाबलेली असते, आणि तिथेच आपण घरातल्या वडीलधाऱ्यांना मानाने बसवतो.

दुखणं उशिरा का येतं, तेही तेव्हाच कळलं. धडकेच्या क्षणी अंगात ॲड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते, हातपाय थरथरतात आणि वेदना काही काळ जाणवत नाही. ताणलेल्या स्नायूंना, मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या बंधांना सूज चढायला काही तास जावे लागतात. रात्र मधे जाते आणि सकाळी मान उचलत नाही. म्हणजे रस्त्यावर आत्याने दिलेलं उत्तर खोटं नव्हतं. त्या वेळी तिला खरंच काही दुखत नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्यांनी तेवढ्या उत्तरावर फाइल बंद केली, आणि शरीराची बाजू अजून यायची होती.

हे वाचताना मला चार्ल्स डिकन्स आठवला. 9 जून 1865 या दिवशी तो ज्या आगगाडीत होता ती स्टेपलहर्स्ट गावाजवळ एका छोट्या पुलावर रुळांवरून घसरली. पुलावर दुरुस्तीचं काम चालू होतं, रूळ काढलेले होते. दहा माणसं गेली. डिकन्सचा डबा कठड्याशी लटकत राहिला. तो खिडकीतून बाहेर पडला, टोपीत पाणी आणून जखमींना पाजलं, जवळची ब्रँडी दिली, तासन्‌तास त्या चिखलात राबला. मग आठवण झाली म्हणून लटकत्या डब्यात पुन्हा शिरून आपल्या चालू कादंबरीचं हस्तलिखित घेऊन आला. त्याला स्वतःला काही लागलेलं नव्हतं. पुढच्या दिवसांत मात्र पत्र लिहायला बसला की हात कापू लागला. रेल्वेत बसल्यावर अचानक भीतीने अंग गार पडायचं, आणि हे वर्षानुवर्षं टिकलं. तो गेला तो 1870 साली, त्याच तारखेला, 9 जूनला. या योगायोगावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. डिकन्सने त्या दिवशी इतरांना पाणी पाजलं, आणि त्याला ‘तू बस, तुला बघू दे’ असं कुणी म्हटलं असेल का, एवढंच माझ्या मनात येत राहतं.

त्या काळात इंग्लंडमध्ये अशी माणसं खूप होती. रेल्वेच्या धडकेतून आपल्या पायांनी चालत घरी गेलेली, आणि नंतर पाठ धरलेली, झोप उडालेली, काम न होणारी. जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यविशारदाने 1866 साली अशा रुग्णांवरची आपली व्याख्यानं प्रसिद्ध केली. कण्याला बसलेल्या हादऱ्याने हे होतं असं त्याचं म्हणणं होतं. पुढे 1883 साली हर्बर्ट पेज या डॉक्टरने ते खोडून काढलं. कण्याला काही झालेलं नसतं, मनाने घेतलेल्या धसक्याचा हा परिणाम, असं त्याने मांडलं. पेज एका रेल्वे कंपनीचा डॉक्टर होता. मधल्या काळात नुकसानभरपाईचे खटले चालत राहिले आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस खरा की सोंगाड्या, यावर दोन्हीकडचे वकील भांडत राहिले. एरिक्सनचं शास्त्र आता जुनं झालं. पण जे दिसत नाही ते दुखतं कसं, हा संशय अजून गेलेला नाही. मुका मार लागलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतो. कधी विमा कार्यालयात, कधी ऑफिसात रजा मागताना, आणि पुष्कळदा घरातच.

आत्याच्या दुखण्याची बातमी फोनवरून नातेवाइकांत पसरली आणि उपाय यायला लागले. आंबेहळद उगाळून गरम लेप लाव. विटेचा शेक दे. एरंडाचं पान बांध. ‘टीटीचं इंजेक्शन घेतलं का?’ हे तर प्रत्येकाने विचारलं. जखम नसताना धनुर्वाताचं इंजेक्शन काय करणार, हा विचार कुणाच्या मनात येत नाही, कारण अपघात झाला की टीटी घ्यायची हे आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. मला या उपायांचा राग नाही. आंबेहळदीच्या लेपात कुणीतरी शेजारी बसून राहतं, हळुवार हात फिरवतं, आणि तेही माणसाला हवं असतं. एका काकांनी मात्र वेगळाच सल्ला दिला. ‘दवाखान्यात नेलंत तर जिन्यावरून पडली म्हणून सांगा. गाडीचं सांगू नका, पोलीस केस होते.’

हा सल्ला मी पूर्वीही ऐकला आहे, तुम्हीही ऐकला असेल. बाथरूममध्ये पाय घसरला, स्टुलावरून पडले, अशा नोंदी आपल्या गावोगावच्या केसपेपरांवर किती असतील. त्यामागची भीती उगाच आलेली नाही. चौकीच्या फेऱ्या, जबाब, तारखा हे लोकांनी भोगलं आहे. आणि एके काळी याहून वाईट होतं. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं, कुणा भल्या माणसाने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे सांगितलं, पोलीस केस आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. तो वाटेतच गेला. वर्तमानपत्रातली ती बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 1989 साली न्यायालयाने निकाल दिला की आलेल्या जखमीवर आधी उपचार करणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, कागदपत्रं नंतर. जखमीला आणून सोडणाऱ्या माणसाला त्रास होऊ नये यासाठी मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम यायला मात्र 2019 साल उजाडलं. 2025 च्या मे महिन्यापासून तर रस्ता अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची केंद्राची योजना आहे. कायदा हळूहळू जखमी माणसाच्या बाजूला येऊन उभा राहिला आहे. काकांपर्यंत तो पोचलेला नाही, आणि त्यात काकांचा दोष मला दिसत नाही.

पण जिन्याची थाप मारायला मी तयार नव्हते, आणि ते पोलिसांमुळे नव्हे. डॉक्टर हात कुठे ठेवणार, कशाची शंका घेणार, हे इजा कशी झाली यावर ठरतं. जिन्यावरून पडलेल्या म्हाताऱ्या बाईचं मनगट आणि खुबा बघतील. बेल्ट लावून बसलेलीला मागून धडक बसली असेल तर मान बघतील, छातीच्या फासळ्या बघतील, पोट दाबून बघतील. बेल्टचा वळ पोटावर असेल तर आतल्या अवयवांचा विचार करतील. डाव्या फासळ्यांच्या आड असलेली प्लीहा दुखावली तर दुखणं कधी कधी डाव्या खांद्यात जाणवतं. खोटी हकिगत सांगितली की डॉक्टरचे डोळेच आपण दुसरीकडे वळवतो.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी आत्याला खुर्चीवर बसवलं आणि बराच वेळ हात न लावता नुसतं बोलत राहिले. रात्री झोप लागली का. उलटीसारखं झालं का. हाताला मुंग्या येतात का, बोटातून वस्तू सुटते का. डोकं कुठे आपटलं होतं का. ‘नाही,’ आत्या म्हणाली. मग थांबून म्हणाली, ‘काचेला जरासं टेकलं असेल.’ डॉक्टरांनी तिच्या गोळ्यांची पिशवी मागितली. तिच्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या रोज चालू आहेत. त्यांनी त्या गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आजच मोठ्या दवाखान्यात न्या. घाबरायचं काही नाही, पण उद्यावर टाकू नका.’

या गोळ्या घेणाऱ्या वयस्क माणसाचं डोकं हलकंसं आपटलं तरी कवटीच्या आत बारीक रक्तस्राव होऊन तो हळूहळू साठू शकतो, आणि त्याची लक्षणं काही वेळा आठवड्यांनी दिसतात. त्याहून वेगाने होणारा प्रकारही असतो, आणि तो तरुणांनाही सोडत नाही. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री 2009 च्या मार्च महिन्यात कॅनडात बर्फावर स्की शिकताना पडली. उठली, बोलली, हसली. आलेली रुग्णवाहिका परत पाठवली. काही वेळाने डोकं दुखू लागलं, आणि दोन दिवसांनी ती गेली. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठलं होतं. मधला तो स्वच्छ शुद्धीचा काळ डॉक्टरांना जुना परिचयाचा आहे. तो आठवला की मला आत्याच्या बोलण्यातलं ‘जरासं’ आठवतं आणि पोटात गोळा येतो.

कॅज्युअल्टीत गर्दी होती. केसपेपरवर मी घडलं ते लिहवून घेतलं; तिथल्या माणसाने शांतपणे नोंद केली, दोन प्रश्न विचारले, चौकीला कळवलं, बस. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. रात्रपाळीहून पुढे चालू असावी, डोळे लाल होते. तिने आत्याला मान हलवायची नाही असं बजावलं, मागे जाऊन उभी राहिली आणि कवटीच्या तळापासून एकेका मणक्यावर अंगठा ठेवत खाली आली. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारत होती, ‘इथे? इथे दुखतं? आणि इथे?’ आत्या सुरुवातीला ‘नाही, नाही’ म्हणत होती. चौथ्या-पाचव्या जागी तिचा खांदा आपोआप वर उचलला गेला आणि तोंडाने मात्र ‘नाही’च आलं. डॉक्टरने अंगठा तिथेच ठेवला. ‘आजी, तुमचं तोंड नाही म्हणतंय. खांदा काय म्हणतोय?’ आत्या गप्प झाली. मग हळू म्हणाली, ‘तिथे दुखतं.’

मानेचा फोटो कुणाचा काढायचा आणि कुणाचा नाही, यासाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी 2001 साली एक नियम मांडला आणि तो आता जगभर वापरला जातो. मागून बसलेली साधी धडक त्यात सौम्य प्रकारांत धरलेली आहे. असा माणूस मान दोन्हीकडे पंचेचाळीस अंश वळवू शकला तर बहुधा फोटोची गरज पडत नाही. पण वय पासष्ट किंवा अधिक असेल तर बाकी काही न बघता फोटो काढायचाच. मला हा नियम फार आवडला. वय झालेल्या हाडांना आपली बाजू मांडायला लागू नये, त्यांच्या वतीने कुणीतरी आधीच बोलून ठेवावं, एवढा विचार त्यात कुणीतरी केला आहे.

डोक्याचा आणि मानेचा सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट यायला दुपार झाली. रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही. स्नायूंचा आणि बंधांचा ताण, काही आठवड्यांत जाईल. मानेचा पट्टा घालून महिनाभर पडून राहायची जुनी रीत आता मागे पडली आहे. दुखेल तेवढ्यातच, पण लवकरात लवकर मान हलती ठेवायची, असं डॉक्टरने सांगितलं आणि फिजिओकडे पाठवलं. शिवाय कुठल्या लक्षणांवर रात्री-अपरात्री परत यायचं ते कागदावर लिहून दिलं: वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, बोलण्यात अडखळणं, हातापायातली ताकद जाणं.

‘बघ, म्हटलं नव्हतं? उगाच एवढा खर्च झाला,’ आत्या म्हणाली. हे वाक्यही मी सगळीकडे ऐकते. रिपोर्ट चांगला आला की तपासणीचे पैसे वाया गेले असं वाटायला लागतं, आणि ती हळहळ पुढच्या वेळी पाय घराबाहेर पडू देत नाही. मला तसं वाटत नाही. त्या दुपारी आम्ही काय विकत घेतलं ते मला नेमकं माहीत आहे. तिच्या बाजूला झोपून रात्री तिचा श्वास मोजत बसावं लागणार नाही, हे घेतलं. आणि आणखीही काहीतरी, जे माझ्या लगेच लक्षात आलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या एकेका हाडावर बोट ठेवून, उत्तराची वाट बघत, तिला विचारलं होतं. आम्ही घरचे विचारतो ते काम करता करता, उत्तर गृहीत धरून. आमचं प्रेम कमी असतं म्हणून नाही. आम्हाला ‘नाही’ ऐकायचं असतं, आणि तिला ते कळतं. समोरच्या अनोळखी मुलीला तसं काही ऐकायचं नव्हतं, म्हणून आत्याला तिच्यापाशी खरं बोलता आलं.

कागद आवरताना त्या मुलीने सहज विचारलं, ‘आणखी काही त्रास?’ आत्या नेहमीसारखं काहीतरी बोलणार असं वाटलं. तिने माझ्याकडे बघितलं, कमरेपासून वळून, आणि म्हणाली, ‘तू जरा बाहेर थांबतेस?’

मी पडद्याबाहेर जाऊन उभी राहिले. आतून आत्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधे एकदा डॉक्टरने विचारलेलं ऐकू आलं, ‘किती वर्षं?’ शेजारच्या खाटेवर एका मजुराच्या हाताला टाके घालत होते, एक सिस्टर सलाइनच्या बाटल्या घेऊन गेली, रांग वाढत होती, आणि तरीही त्या मुलीने घाई केली नाही. तिचं मला नावही माहीत नाही. तिचे पाय दुखत असतील, तिला कुणी विचारलं असेल का, असं वाटून गेलं.

आत्या बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आणखी एक चिठ्ठी होती, पुढच्या आठवड्यातल्या दुसऱ्या ओपीडीची. कुठल्या, ते मी वाचलं नाही आणि विचारलं नाही. तिने चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये गोळ्यांच्या पिशवीमागे ठेवली आणि त्या दिवशी आपण एकटीच येणार असल्याचं सांगून टाकलं.

रिक्षात बसल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, ‘त्या मुलाचा नंबर आहे ना तुमच्याकडे?’

मला वाटलं, गाडीचं काहीतरी. मी नवऱ्याकडून नंबर मागवून फोन लावला. मुलाने पहिल्याच रिंगला उचलला आणि मी कोण ते सांगताच घाईघाईने म्हणाला, ‘ताई, कागद पाठवलेत मी सगळे. क्लेमचं काही अडलंय का?’

आत्याने माझ्या हातातून फोन घेतला. ‘क्लेमचं नाही रे,’ ती म्हणाली. ‘तू छातीवर हात धरून उभा होतास काल. दाखवलंस का कुठे?’

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आत्या म्हणाली, ‘ते नको सांगूस मला. आधी खोल श्वास घे आणि मग सांग.’